जर्मन शेफर्ड ११ वर्षांचा, मागचे पाय ओढतोय आणि आता स्प्लीनवर (प्लीहेवर) गाठ. आधी कशाकडे बघायचं?

होटगीरोडवाला:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. आमचा सुलतान, जर्मन शेफर्ड, दिवाळीत ११ पूर्ण होतील. उन्हाळ्यात कधीतरी मागचा उजवा पाय ओढायला लागला. आम्हाला वाटलं वय झालंय, संधिवात असेल, आई पण म्हणाली माझे गुडघे धरतात तसे त्याचे धरत असतील. मग अंगणातल्या शहाबादी फरशीवर चालताना खर्र खर्र आवाज यायला लागला, पाय उचलून बघितला तर मधल्या दोन बोटांची नखं पुढून घासून एकदम सपाट झालेली आणि एकाच्या मुळाशी रक्त साकळलेलं. आता डावा पाय पण तसाच व्हायलाय. वळताना मागचा भाग एकीकडे कलंडतो, कधी पायात पाय अडकून मटकन खाली बसतो. पण दुखतंय असं काही वाटत नाही, पाठ दाबली, कंबर दाबली, कुईं सुद्धा नाही. जेवण झकास, शेपूट हलवणं चालू, दूधवाला आला की अजून भुंकून गल्ली गोळा करतो.

एका डॉक्टरांनी लांबूनच बघून कंबर गेली म्हणून सांगितलं आणि स्टेरॉइड आणि बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली. फरक शून्य, उलट पाणी पिऊन पिऊन घरभर लघवी. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मणक्यात स्पॉन्डिलोसिस (वयाने होणारी मणक्यांची झीज) आहे म्हणाले पण एवढ्याने पाय जात नाहीत, डिजनरेटिव्ह मायलोपॅथी म्हणजे डीएमचा, मज्जारज्जू झिजण्याच्या रोगाचा, संशय वाटतोय. वय बघून त्यांनीच पोटाची सोनोग्राफी करायला लावली आणि तिथे स्प्लीनवर साधारण ४ सेंमीची गाठ निघाली. म्हणजे एक दुखणं घेऊन गेलो आणि दोन घेऊन आलो.

आता घरात तीन मतं. भाऊ म्हणतो ऑपरेशन करून टाकू. वडील म्हणतात या वयात त्याचं पोट फाडू नका, राहील तेवढं राहू दे. शेजारचे काका रोज कट्ट्यावर बसून सांगतात की इंजेक्शन देऊन मोकळं करा त्याला. मला कळत नाही की डीएमच असेल तर स्प्लीनचं ऑपरेशन करून काय उपयोग, आणि गाठ कॅन्सरची असेल तर पायाचे व्यायाम करून तरी काय उपयोग. सोलापुरात राहून काय काय होऊ शकतं आणि कशासाठी पुण्याला जावंच लागतं? अनुभव असेल त्यांनी सांगा, प्लीज.

पशुधन_निवृत्त:

मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली, आता रिटायर आहे. सुलतानला प्रत्यक्ष बघितलेलं नाही त्यामुळे हे सगळं माहिती म्हणून वाचा, औषध तुमचे दुसरे डॉक्टरच देतील, आणि ते डॉक्टर बरोबर दिशेने चाललेत असं मला वाटतं.

आज संध्याकाळी घरी एवढं करा. एकाने सुलतानच्या पोटाखाली हात घालून त्याला उभं धरायचं, दुसऱ्याने मागचा एक पंजा उलटा करून, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला लागेल असा, टेकवायचा. नसा ठीक असलेलं कुत्रं तुमचा हात सुटायच्या आत पाय सरळ करतं. सांध्याचं दुखणं असेल, हिप डिस्प्लेशिया (मांडीचं हाड खुब्यात नीट न बसणं) असेल, तरी ते लंगडेल, उठताना कण्हेल, पण पंजा लगेच सरळ करेल कारण पाय कुठे आहे हे मेंदूला कळत असतं. पंजा उलटाच राहिला किंवा तीन-चार सेकंदांनी सावकाश सरळ केला तर गडबड नसांत किंवा मज्जारज्जूत आहे. नखं पुढून घासणं त्यातलंच, पाय उचलला जात नाही आणि उचलला नाही हे त्याला कळतही नाही.

आता डीएम. या रोगात पाठीच्या मधल्या भागातला, छातीच्या मणक्यांपासून कमरेपर्यंतचा मज्जारज्जू हळूहळू झिजत जातो. १९७३ मध्ये तो पहिल्यांदा नीट लिहिला गेला आणि बरीच वर्षं लोक त्याला जर्मन शेफर्डचाच रोग समजायचे. २००९ मध्ये एसओडी१ या जीनमधला दोष सापडला आणि मग बॉक्सर, कॉर्गी, रिजबॅक, अशा बऱ्याच जातींत तो आहे हे पुढे आलं. माणसांत याच जीनमुळे एएलएसचा (स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जाण्याच्या रोगाचा) एक प्रकार होतो, स्टीफन हॉकिंग यांना जो आजार होता त्याच जातीचा. साधारण ८ वर्षांपुढे सुरू होतो, बहुतेक वेळा एक पाय आधी आणि दुसरा मागून. मोठ्या कुत्र्यात सुरुवात झाल्यापासून सहा महिने ते वर्षभरात मागचे पाय पूर्ण जातात, नंतर लघवी-संडासचा ताबा जातो, आणि त्यापुढेही ठेवलं तर पुढच्या पायांपर्यंत येतं. यात दुखत नाही. ही एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे.

पण डीएमची खात्री जिवंत कुत्र्यात होत नाही, गेल्यावर मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तरच होते. जिवंतपणी बाकीचं सगळं एकेक करून बाद करायचं आणि उरेल ते डीएम म्हणायचं. बाद काय करायचं तर डिस्क सरकणं, कंबर आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या सांध्यापाशी नसांवर येणारा दाब, मज्जारज्जूवरची किंवा मणक्यातली गाठ. यातल्या काहींवर उपाय आहेत म्हणून घाईने डीएमचा शिक्का मारायचा नाही. एक्स-रे मध्ये मज्जारज्जू दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो आणि त्यासाठी पुण्या-मुंबईकडेच जावं लागेल. स्वस्तातला मार्ग म्हणजे जीनची टेस्ट, गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन कुरियरने पाठवतात. जीनच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक बापाकडून आलेली) सदोष निघाल्या तर तेवढ्यावरून रोग आहेच असं होत नाही, अशी कितीतरी कुत्री म्हातारी होऊन दुसऱ्याच कारणाने जातात. पण दोन्ही प्रती चांगल्या निघाल्या तर डीएम जवळजवळ बाद, आणि मग एमआरआयला पैसे घालण्यात अर्थ आहे. मला या टेस्टचा उपयोग असा उलट्या बाजूनेच जास्त वाटतो.

स्टेरॉइडने डीएमला फायदा होत नाही, उलट मांडीचे स्नायू अजून वाळतात. पण एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत आणा. बी-१२ ने नुकसान नाही, फायद्याचा पुरावाही नाही.

गाठीचं उद्या लिहितो, डोळे दुखायलेत.

बाळीवेस_बॉय:

काका म्हणतात ते कट्ट्यावरचे काका, त्यांना सांगा की ओ तुमचे गुडघे गेले तर काय करायचं. लोकांना दुसऱ्याच्या कुत्र्याला मोकळं करायची लई घाई असते.

बाकी मला अक्कल नाही पण एक सांगतो, आमच्या आधीच्या लॅब्राडॉरला घेऊन पुण्याला गेलो होतो तेव्हा आधी ट्रेनचं बघितलं. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे बुक केला तरच सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. पाय चालत नसलेल्या कुत्र्याला त्या पिंजऱ्यात टाकायची हिंमत झाली नाही. शेवटी गाडीच, पहाटे चारला निघालो, मागची सीट पाडून गादी टाकली, टेंभुर्णीला एकदा उतरवलं, ऊन चढायच्या आत पुण्यात. एसी चालू ठेवा बे फक्त.

भटक्यांची_ताई:

होटगीरोडवाले दादा, सोनोग्राफीत स्प्लीन आख्खी मोठी आहे का वेगळी गाठ आहे ते रिपोर्टमध्ये काय लिहिलंय? आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केलाय का, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती आहेत? मी गेली कित्येक वर्षं आमच्या विडी घरकुलच्या बाजूला रस्त्यावरची कुत्री बघते, आपल्याकडे गोचिडीचा ताप इतका आहे की कुठलंही कुत्रं मलूल झालं की मी आधी कान आणि बोटांच्या बेचक्या बघते. त्या तापात स्प्लीन सुजते आणि प्लेटलेट खाली येतात, नाकातून रक्त येतं, काही कुत्र्यांचे तर पाय पण लटपटतात. कॅन्सर म्हणून घाबरलेले लोक डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या कोर्सने हसत घरी गेलेले मी बघितलेत.

आणि गाठ म्हटली की सगळे हातपाय गाळतात तेही बरोबर नाही. आमच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत टीव्हीटी होतो, लघवीच्या जागी फ्लॉवरसारखी रक्ताळलेली गाठ, हा तर एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा कॅन्सर, समागमातून. दिसायला इतका भयंकर की लोक दगड मारून हाकलतात. पण आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिन (केमोचं औषध), चार ते सहा इंजेक्शनं, आणि बहुतेक कुत्री खडखडीत बरी. माद्यांच्या स्तनातल्या गाठी निम्म्या साध्याच असतात, आणि पहिला माज यायच्या आत नसबंदी झाली तर त्या होतच नाहीत म्हटलं तरी चालेल. हे सुलतानच्या कामाचं नाही, पण दुसरं कुणी वाचत असेल तर.

पशुधन_निवृत्त:

ताईंनी माझं अर्धं काम केलं. गोचिडीच्या तापात किंवा नुसत्या सुजेत स्प्लीन सगळीकडून सारखी फुगते. एका जागी ४ सेंमीची वेगळी गाठ दिसतेय तर ती गोष्ट निराळी. तरी सीबीसी हवाच, प्लेटलेट कमी असताना ऑपरेशन टेबलावर घ्यायचं म्हणजे आगीत हात.

स्प्लीनच्या गाठीबद्दल एक जुना ढोबळ हिशेब आहे, दोन तृतीयांश गाठी कॅन्सरच्या आणि त्यातल्या दोन तृतीयांश हेमँजिओसार्कोमाच्या. राहिलेल्या साध्या, रक्त साकळलेलं किंवा म्हाताऱ्या कुत्र्यांत सर्रास दिसणारी नोड्युलर हायपरप्लेसिया, म्हणजे पेशी वाढून झालेली निरुपद्रवी गाठ. या साध्या गाठीसुद्धा कधी फुटतात, पण स्प्लीन काढली की विषय संपला, कुत्रं स्प्लीनशिवाय मजेत जगतं. सोनोग्राफीवरून साधी का कॅन्सरची हे छातीठोक सांगता येत नाही. सुई घालून बघितलं तर नुसतं रक्तच येतं बऱ्याचदा, आणि गळायची भीती असते ती वेगळी.

हेमँजिओसार्कोमा म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. जर्मन शेफर्ड, लॅब, गोल्डन यांच्यात जास्त. तो वाढतो गुपचूप आणि फुटला की पोटात रक्तस्राव. कुत्रं अचानक बसकण मारतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, पोट फुगतं. कधी थोडंच रक्त जातं आणि ते पोटात शोषलं गेलं की दुसऱ्या दिवशी कुत्रं परत हिंडायला लागतं, घरचे म्हणतात उन्हाने झालं असेल. सुलतानला असं एखाद्या दिवशी झालेलं आठवतंय का? रोज सकाळी ओठ वर करून हिरडी बघायची सवय लावा. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे आधी गाठ. पायांच्या रोगाला महिने आहेत, गाठीला असतीलच असं नाही. ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे आणि जमलं तर हृदयाची इको करून घ्या, हा कॅन्सर फुफ्फुसात आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात जातो. तिथे आधीच पसरलेला दिसला तर वडील म्हणतात ते बरोबर, पोट फाडू नका. तिथे स्वच्छ असेल तर काढा. निघालेली स्प्लीन फॉर्मॅलिनमध्ये घालून हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवायचीच, आणि छोटा तुकडा न पाठवता गाठीच्या वेगवेगळ्या भागांचे तुकडे पाठवायला सांगा, कारण मोठ्या रक्ताच्या गोळ्यात कॅन्सर एका कोपऱ्यात बसलेला असतो आणि एकाच तुकड्यात निसटतो. आपल्याकडे हे पाठवायचा कंटाळा करतात, मग गाठ काय होती ते कुणालाच कळत नाही आणि पुढचं सगळं अंदाजावर.

हेमँजिओसार्कोमाच निघाला तर नुसत्या ऑपरेशनवर एक ते तीन महिने, डॉक्सोरुबिसिनची केमो दिली तर चार ते सहा. कुत्र्यांत केमोचे डोस माणसांपेक्षा हलके ठेवतात, केस जाणं-बिण सहसा होत नाही.

कोथरूडची_सून:

मी माहेरची सोलापूरची, जुळे सोलापूर. आमच्या बॉक्सरला डीएम होतं, एमआरआय क्लीन आणि जीन टेस्टमध्ये दोन्ही प्रती सदोष, त्यामुळे डॉक्टरांनी तेच धरलं. निवृत्त सरांचं सगळं पटतं पण एका मुद्द्यावर अडतंय म्हणून लिहितेय. डीएमच्या कुत्र्याला अंथरुणात ठेवलं की ते भराभर खाली जातं. ऑपरेशननंतर दहा-चौदा दिवस हालचाल बंद म्हणतात ना, त्यात जे स्नायू जातात ते परत येत नाहीत. २००६ मध्ये डीएमसारख्या कुत्र्यांवर एक अभ्यास आला होता, ज्यांना रोज कसून फिजिओथेरपी मिळाली ती सरासरी २५५ दिवस जगली, थोडीफार मिळालेली १३० आणि अजिबात न मिळालेली ५५. कुत्री मोजकी २२ होती आणि कोण किती व्यायाम करणार हे मालकांवरच होतं त्यामुळे आकडे डोळे झाकून घेऊ नका, पण दिशा मला खरी वाटते. म्हणून ऑपरेशनला नाही म्हणत नाहीये, फक्त सर्जनला आधीच विचारा की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पट्ट्यावर धरून हळूहळू चालवलं तर चालेल का, आणि आडवा असताना पायांची घडी-उलगड कधीपासून करायची. उड्या आणि जिने बंद, चालणं बंद नाही.

आता पट्ट्याचं. ऑनलाइन हजारात मिळतात ते हार्नेस, घ्या नंतर. तोपर्यंत आपल्या सोलापुरी टॉवेलसारखी वस्तू नाही. मोठा टर्किश टॉवेल लांबीत चौपदरी दुमडायचा, मांड्यांच्या अगदी पुढून पोटाखालून घ्यायचा आणि दोन्ही टोकं पाठीच्या वर एका हातात धरायची. उचलायचं नाही, मागचा भाग फक्त तोलून धरायचा, पाय त्याचे त्यानेच टाकले पाहिजेत. नर आहे त्यामुळे टॉवेल लघवीच्या जागेवर येत नाही ना ते बघा, नाहीतर पाय वर करायला जातो आणि सगळं टॉवेलवर. स्प्लीनवर गाठ असेपर्यंत मात्र पोटावर ताण नको, टॉवेल जेवढा मागे घेता येईल तेवढा मागे, आणि शंका असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच.

फरशी! अंगणात शहाबादी आहे म्हणता ते ठीक, तिच्यावर पकड मिळते. घरात चकचकीत टाइल्स असतील तर त्याच्या जेवणाच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत रबरी मॅटची वाट करून द्या, जुन्या योगा मॅट पण चालतात. नखं घासतायत तिथे मोजे घालताना दिवसभर ठेवू नका, आत ओल राहते. बाहेर नेताना फक्त.

लघवी पूर्ण होत नसेल तर आत साठून इन्फेक्शन होतं, वास बदलला किंवा रक्ताळ दिसली की लगेच तपासा. आणि वजन. बॉक्सरचं आम्ही मुद्दाम कमी केलं, भाकरी-दूध अर्ध्यावर आणलं, सासूबाईंना वाटायचं मी उपाशी मारतेय त्याला. मागचं ओझं कमी झालं की पुढचे पाय जास्त दिवस टिकतात, साधा हिशेब आहे.

चाकाची गाडी आम्ही लवकर घेतली, पूर्ण लुळा व्हायच्या आधी. तोपर्यंत अंगात शिकायची ताकद असते. पीव्हीसी पाइपची घरी पण करतात लोक, पण माप चुकलं तर मांडीत जखम होते.

औषधं_आणि_बिलं:

मेडिकल चालवतो म्हणून रोज दिसतं ते लिहितो. लोक येतात, कुत्र्याला कंबरदुखीची गोळी द्या म्हणतात. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लॅम यातलं काहीही घरच्या घरी कुत्र्याला देऊ नका. पोटात अल्सर होतो, किडनी जाते. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन तर देशातली गिधाडं संपत आली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कुत्र्यांसाठी मेलोक्सिकॅम, कारप्रोफेन आहेत पण वजनावर डोस आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. आणि सुलतान स्टेरॉइडवर होता ना, मग त्याच्या जोडीला कुठलंच पेनकिलर नाही, दोन्ही मिळून आतडं फाटतं. तसं पण डीएममध्ये दुखतच नसेल तर गोळी कशाला?

रात्री कण्हतो, पाय दुसऱ्या कुणाला लावू देत नाही, हाडावर एका जागी सूज आहे असं असेल तर मात्र ते डीएम नाही. मोठ्या जातीत हाडाचा कॅन्सर असतो, त्याचं दुखणं फार वाईट. आमच्या गिऱ्हाइकाच्या डॉबरमनला महिनाभर मोच समजून तेल लावत होते.

होटगीरोडवाला:

सगळ्यांचे आभार, खरंच. पंजाची टेस्ट केली. उजवा पाय उलटा ठेवला तो तसाच राहिला, तो मजेत दूधवाल्याच्या दिशेने बघत उभा. डावा दोन-तीन सेकंदांनी सरळ केला. वडील शेजारी उभे होते, ते काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी स्वतःच मार्केटातून दोन रबरी मॅट घेऊन आले.

निवृत्त सर, तुम्ही विचारलं तसं मे महिन्यात एकदा झालं होतं. दुपारी एकदम आडवा पडला, उठेचना, आम्ही पंख्याखाली ओल्या चादरीवर ठेवलं आणि सकाळी ठीक. ४३-४४ डिग्री चाललं होतं तेव्हा, ऊन लागलं असंच सगळे म्हणाले. आता हिरडी रोज बघतो, गुलाबी आहे.

सीबीसी आला. हिमोग्लोबिन जरा कमी, प्लेटलेट ७८ हजार. गोचिडीची किट टेस्ट एर्लिचियाला (गोचिडीच्या तापाच्या जंतूला) पॉझिटिव्ह. भटक्यांची ताई, तुम्ही म्हणालात तेच. सोनोग्राफीवाल्यांना परत विचारलं, स्प्लीन थोडी मोठी आहे आणि शिवाय गाठ वेगळी आहे, दोन्ही. छातीचा एक्स-रे स्वच्छ. इको इथे कुत्र्याची कुठे होईल ते डॉक्टर विचारून सांगणार आहेत. डॉक्सी सुरू केली २८ दिवसांची. माझा आता प्रश्न असा की २८ दिवस थांबून मग ऑपरेशन, का मधेच? भाऊ म्हणतो ताप बरा झाला की गाठ पण जाईल.

पशुधन_निवृत्त:

भावाला सांगा स्प्लीनची सूज उतरेल, ४ सेंमीची वेगळी गाठ डॉक्सीने जाईल यावर मी बसून राहणार नाही. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, प्लेटलेट कमी होण्याचं कारण ती गाठही असू शकते, आतल्या आत रक्त गोठवण्यात प्लेटलेट खर्ची पडतात. किट पॉझिटिव्ह म्हणजे गोचिडीच्या जंतूशी कधीतरी संबंध आला एवढंच, आपल्या भागातली निम्मी कुत्री पॉझिटिव्ह निघतील, हा माझा अंदाज. गोचिडीमुळेच असेल तर डॉक्सीने आठवड्याभरात प्लेटलेट चढायला लागतील. म्हणून ७ ते १० दिवसांनी सीबीसी परत. चढल्या तर २८ दिवसांची वाट न बघता ऑपरेशनची तारीख घ्या, डॉक्सी बाजूने चालू राहील. नाही चढल्या तर डॉक्टर रक्त गोठण्याच्या टेस्ट करतील आणि रक्त देणारं कुत्रं तयार ठेवायला सांगतील, एखादं तरुण, २५ किलोच्या वरचं, लसी झालेलं. तुमच्या ग्रुपमध्ये आत्ताच विचारून ठेवा.

मे महिन्यातलं ते तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा. ऊनही असेल, नाही असं नाही. पण सांगा.

जीन टेस्टचा नमुना या गडबडीत पाठवून द्या, रिपोर्ट यायला वेळ लागतो. दोन्ही प्रती चांगल्या निघाल्या तर पायांचं कारण दुसरं शोधावं लागेल, आणि गोचिडीचा ताप मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत गेलेला असू शकतो हेही मी पूर्ण बाद केलेलं नाही. तसं असेल तर पाय थोडे सुधारलेले दिसतील. आशा लावत नाही, बघत राहा म्हणतो.

होटगीरोडवाला:

आमच्या चुलतभावाचा रॉटवायलर आहे ३८ किलोचा, त्याला धरून आणतो म्हणाला. शेवटचा प्रश्न, कॅन्सरच निघाला आणि पाय पण गेले तर कधी थांबायचं हे तुम्ही कसं ठरवलं? कोथरूडच्या ताई, तुम्हालाच विचारतोय.

कोथरूडची_सून:

दादा, आम्ही घरात आधीच बोलून ठेवलं होतं की पुढचे पाय लटपटायला लागले की थांबायचं. त्यामुळे वेळ आली तेव्हा भांडणं झाली नाहीत, नवरा आणि मी दोघांनाही माहीत होतं. मागचे पाय नसताना तो गाडीवर बागेत मुलांच्या मागे पळायचा, ते दिवस त्याचे चांगलेच गेले. पुढचे गेल्यावर त्याला कूसच बदलता येत नव्हती. डॉक्टर घरी आले, आधी झोपेचं इंजेक्शन, तो गाढ झोपल्यावर दुसरं. तुमच्याकडे स्प्लीनचं पण आहे त्यामुळे तुमची रेषा वेगळी असेल, हिरड्या पांढऱ्या पडून धाप लागली तर रात्री दोन वाजता सोलापुरात कोण येईल त्यांचा नंबर आज घेऊन ठेवा, ते फार महत्त्वाचं. त्या वेळी शोधत बसायला लागलं की कुत्र्याचे हाल होतात. आणि काकांना कट्ट्यावर बसू द्या.

भटक्यांची_ताई:

डॉक्सी उपाशीपोटी देऊ नका हो, उलट्या करतो मग लोक म्हणतात औषध मानवत नाही. थोडं खाल्ल्यावर द्या, दुधाबरोबर नको, आणि गोळी गिळल्यावर पाणी पाजा नाहीतर घशात अडकून आतून भाजते. घरातली गोचीड पण मारा, नुसत्या कुत्र्यावरची नाही, भिंतीच्या फटी, दाराची चौकट, त्याच्या गोणपाटाखाली, तिथेच अंडी असतात. फवारताना सुलतानला दुसऱ्या खोलीत. सीबीसी परत आला की इथे टाका, आम्ही बघतोय.

बाळीवेस_बॉय:

रॉटवायलरला धरायला माणूस लागला तर मला सांगा, मी मोकळाच आहे रविवारी. आमचा पण लॅब आहे ३० किलोचा, सहा वर्षांचा, लसी झाल्यात, तो बिस्किटावर कुठं पण येतंय.